वंशावळ शोधायची तर दप्तर कोणतं? चंदगड तालुक्याचे कागद आणि त्यांचे पत्ते

मागच्या व्याख्यानानंतर ज्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल होत्या. 'आमचा पणजोबा चंदगड तालुक्यातला, त्याचा कागद कुठं मिळेल?' म्हणून आज आपण फक्त चंदगडच घेऊ. कोकण, देश आणि कर्नाटक यांच्या सांध्यावरचा हा तालुका. कागदांच्या दृष्टीनंही तो सांध्यावरच आहे, आणि शोधणाऱ्याची पहिली अडचण तिथूनच सुरू होते.

होतं काय, माणूस आधी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जातो. आपला जिल्हा कोल्हापूर, म्हणजे आपले जुने कागद कोल्हापूरला, हे त्याला साहजिक वाटतं. पण त्या अभिलेखागाराचा कणा आहे करवीर संस्थानचं दप्तर. शेजारचं गडहिंग्लज करवीर संस्थानात होतं, आजरा इचलकरंजी जहागिरीकडे होता. त्या बाजूच्या घराण्यांचं काही ना काही तिथं निघतं. चंदगड मात्र संस्थानात नव्हताच. तो ब्रिटिश मुलखात, मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होता. एकोणिसाव्या शतकात तो बेळगाव तालुक्याचा एक महाल होता. पुढे त्याचा स्वतंत्र तालुका झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, पण कायद्यातच 'चंदगड तालुका वगळून' असं लिहिलेलं आहे. त्या तीन शब्दांमुळे १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला.

माणसं जागची हलली नाहीत, जिल्हा हलला. कागद मात्र निम्मे हलले, निम्मे नाही. गावपातळीवरचे कागद, म्हणजे तलाठ्याचं दप्तर, शाळेची रजिस्टरं, तहसीलच्या अभिलेख कक्षातली बाडं, ही बहुतेक तालुक्याबरोबर राहिली. जिल्हा पातळीवर तयार झालेले कागद, म्हणजे कलेक्टरांपुढचे वतनाचे निकाल, अपिलं, जिल्हा न्यायालयातले दावे, हे बेळगावच्या कचेऱ्यांत तयार झाले. त्यामुळे १९५६ च्या आधीचं काही शोधायचं असेल तर पहिला प्रश्न 'कोणत्या सालचं' हा नसून 'कोणत्या पातळीवरचं' हा असतो. गावाचा कागद चंदगडला बघा, जिल्ह्याचा कागद बेळगावला बघा. आणि इनाम, सरंजाम, सनदा असला वरच्या दरबाराशी संबंध असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर. पुण्याच्या अभिलेखागारात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. त्यातले बहुतेक कागद मोडीत आहेत.

पेशवे दप्तरात चंदगडसारख्या कोपऱ्यातल्या घराण्याचं काय असणार, असं वाटेल. पण इंग्रजी अंमल आल्यावर इनामांची जी चौकशी झाली तिची सुरुवातच १८४३ मध्ये दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे धारवाड-बेळगावच्या बाजूला झाली. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनाम खाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं गेलं: तुला हे कुणी दिलं, कधी दिलं, आणि तू मूळ इनामदाराचा कोण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे वंशावळ. लोकांनी कैफियती लिहून दिल्या, पिढ्या मांडल्या, सनदांच्या नकला जोडल्या. आज जी सर्वांत जुनी लेखी वंशावळ हाती लागते ती पुष्कळदा अशी, सरकारनं विचारलं म्हणून लिहिलेली असते. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होईल.

आता गावचा कागद. आपण आडनाव घेऊन शोधायला जातो आणि तिथंच वाट चुकते. जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसतंच. 'अमुक बिन तमुक' एवढंच असतं. 'बिन' म्हणजे मुलगा. 'वलद' लिहिलं असलं तरी अर्थ तोच, 'कोम' म्हणजे बायको. पुढे जात किंवा हुद्दा: कुणबी, पाटील, महार, सुतार. आज घरात जे आडनाव चालतं ते कित्येकदा शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं तेव्हा पक्कं झालं. कुणी हुद्दा सांगितला, कुणी गावाला 'कर' जोडला. सख्ख्या चुलतभावांच्या दोन घरांत दोन आडनावं, असं चित्र म्हणून तर दिसतं.

तर शोधायचं कशावरून? जमिनीवरून. माणसाचं नाव बदलतं, पण ओढ्याकाठचा तुकडा तिथंच असतो. आजचा सात-बारा हातात घ्या. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. एकेक फेरफार मागे वाचत जा. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, जुन्या बोलीत 'ड पत्रक'. तिच्यात जमीन कुणाकडून कुणाकडे आणि का गेली ते लिहिलेलं असतं: खरेदीनं, वाटणीनं, वारसानं. वारसानं गेली असेल तर गाव नमुना ६-क बघा. ती वारस नोंदवही. मयताचं नाव, मरणाची तारीख, मागे कोण कोण राहिले, त्यांचं नातं, हे सगळं तिथं आहे. एका ६-क नोंदीत दोन पिढ्या मिळतात. अशा तीन-चार नोंदी जोडल्या की माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचतो, कारण मुंबई इलाख्यातला हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा. त्यापुढे फेरफाराची शिडी संपते.

या शिडीतली एक पायरी मात्र मोडकी आहे. १९४७ च्या कायद्यानं जमिनींचं एकत्रीकरण झालं तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरांचा बनला हे कळल्याशिवाय मागे जाता येत नाही. ते एकत्रीकरणाच्या ९(३) आणि ९(४) च्या उताऱ्यांवर सापडतं. भूमी अभिलेख कार्यालयात मागा. जुना नंबर एकदा कळला की मग आकारबंद, कडई पत्रक, पहिल्या मोजणीचे कागद, हे सगळे दरवाजे उघडतात. अनेकांचा शोध इथं थांबतो, आणि तो निव्वळ या एका उताऱ्यावाचून थांबतो.

दुसरा मोठा कागद म्हणजे कोतवाल बुक. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. जुना गाव नमुना १४ म्हणतात तो हाच. जन्मले-मेल्याची तारीख, बापाचं नाव, जात, मरणाचं कारण. वंशावळीसाठी हा कागद सोन्यासारखा आहे, पण तो वाचायची एक रीत आहे. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतं. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. म्हणून 'अमुक बिन तमुक यास मुलगा' एवढंच मिळतं. तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा की आजोबांच्या आधी जन्मून दोन महिन्यांत गेलेलं पोर, हे मृत्यूचं पान पडताळल्याशिवाय सांगता येत नाही. त्या काळी घरात एखादं मूल गेलं की पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव, बहुधा आजोबाचं, पुन्हा ठेवत. जन्म आणि मृत्यू दोन्ही बाजूंची पानं शेजारी ठेवा, मगच निष्कर्ष काढा. प्लेगची वर्षं आणि १९१८ च्या पावसाळ्यानंतरचे इन्फ्लुएंझाचे महिने तर सावकाश वाचा. एकाच घरातल्या तीन-तीन नोंदी एका पानावर येऊ शकतात, आणि वंशावळीत जिथं एखादी फांदी एकाएकी तुटलेली दिसते तिचं कारण पुष्कळदा तिथंच असतं.

मोडीबद्दल थोडं. मोडी येत नाही म्हणून घाबरून जाऊ नका, आणि 'मला येते' म्हणून लगेच वाचूही नका! या लिपीत लेखणी न उचलता लिहितात, आधी ओळभर आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नाही. वर संक्षेप: 'किता' म्हणजे वरीलप्रमाणे, 'मा॥रनिल्हे' म्हणजे वर सांगितलेला तोच इसम. एखाद्या घराण्यात चार पिढ्यांत दोन माणसं एकाच नावाची असली आणि 'मा॥रनिल्हे' नेमका कुणाला हे चुकलं, तर अख्खी पिढी गाळली जाते किंवा नवी निर्माण होते.

तारखा तर निराळाच प्रकार. पेशवाईतल्या कागदावर साल अरबी अंकशब्दांत असतं. उदाहरण घेऊ: 'इहिदे तिसैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे १, तिसैन ९०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११९१. हा सुहूर सन. तो मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९०, आणि जानेवारीनंतरचे महिने असतील तर ६०० मिळवून १७९१. आता गंमत बघा: 'तिसा' म्हणजे ९ आणि 'तिसैन' म्हणजे ९०. 'अर्बा' ४, 'अर्बैन' ४०. शेवटचा एक फराटा सुटला की पस्तीस-ऐंशी वर्षांचा फरक पडतो, नातू आजोबाच्या आधी जन्माला येतो. फसली सन निराळा. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवायचे, जानेवारीनंतर ५९१. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. आणि तारखेच्या आधी 'छ' दिसला तर तो चंद्र, म्हणजे पुढे मुसलमानी महिन्याची तारीख आहे असं समजा.

एवढं सगळं कशासाठी, असं कुणी विचारील. हौस आहे, ती चांगलीच आहे. पण चंदगडमध्ये हा प्रश्न हौसेवर थांबत नाही. दोन ठिकाणी तर थेट पोटाशी येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे हेरे सरंजाम. हेरे हे चंदगडजवळचं गाव. सावंतवाडीकर सावंतांची एक शाखा तिथं होती, आणि तालुक्यातल्या चाळीसहून जास्त गावांच्या जमिनी या सरंजामाखाली होत्या. सरंजाम म्हणजे लष्करी किंवा राजकीय सेवेबद्दल दिलेला महसुलाचा हक्क. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या नियमांनी मुंबई राज्यातले असे सरंजाम आणि जहागिरी सरकारनं परत घेतल्या. सरंजामदार गेला, पण कसणाऱ्याचं नाव कोणत्या हक्कानं लागायचं हा प्रश्न राहिला. जमीन 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे विकायची, तारण ठेवायची तर वरून परवानगी. ती वर्ग १ करून घेणं हा या तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा विषय आहे. आता तिथं काय लागतं? १९५२ च्या सुमाराला ती जमीन कोण कसत होतं आणि आज कसणारा त्याचा कोण, एवढंच. दोन टोकं आणि मधली साखळी. आजोबा मुंबईला गिरणीत होते, जमीन चुलत्यानं पाहिली, पीकपाहणीला चुलत्याचं नाव लागलं, असं असेल तर साखळीचा एक दुवा निराळ्या फांदीवर जातो. मग भाऊबंदकी सुरू. वकील मागाहून लागला तरी चालतो. जुने फेरफार आणि वारस नोंद आधी काढून ठेवा.

दुसरं ठिकाण जातीच्या दाखल्याचं. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचा पुरावा बघितला जातो. आता १९५० च्या दोन तारखा चंदगडला लावून पाहा. त्या दिवशी हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता! म्हणजे आजोबांच्या दाखल्यावर 'जिल्हा बेळगाव' लिहिलेलं असणारच, आणि ते बघून 'हे तर परराज्यातले' अशी शंका टेबलापलीकडून आली तर दचकायचं कारण नाही. १९५६ च्या पुनर्रचना कायद्यातला तो 'चंदगड वगळून'चा भाग अर्जासोबत लावा. तालुका कधी कुठे होता हे त्यात स्पष्ट आहे. शाळेचं जनरल रजिस्टर इथं सर्वांत उपयोगी पडतं, कारण ते शाळेतच राहिलं.

२०२३ मध्ये राज्य सरकारनं कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून तर कोतवाल बुकं, खासरा पत्रकं, शाळांची रजिस्टरं अशी बाहेर आली की वर्षानुवर्षं कुणी न सोडलेली गाठोडी सुटली. राजकारणाचा भाग बाजूला ठेवू. अभ्यासकाच्या नजरेनं पाहता यात एक लाभ आहे आणि एक धोका. लाभ असा की गावोगावची दप्तरं मोजली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत कळली. धोका असा की हजारो हातांखालून जाणाऱ्या जीर्ण पानाचं आयुष्य कमी होतं, आणि जिथं एका शब्दाला किंमत आली तिथं शाईला पाय फुटण्याची भीती असते. म्हणून आम्ही आग्रहानं सांगतो की मोबाईलवर फिरत आलेला फोटो पुरावा मानू नका. कचेरीची प्रमाणित नक्कल घ्या, तीत पान क्रमांक, गाव, साल आणि मागची-पुढची नोंद दिसली पाहिजे. लिप्यंतर जाणकार मोडीवाचकाकडून करून घ्या.

वतनाच्या कागदांकडे आता थोडं वळू. पाटील, कुलकर्णी, महार, ही वतनदार घराणी. १८७४ च्या वतन कायद्याखाली वारस ठरवताना वंशावळी दाखल व्हायच्या आणि कुठल्या शाखेची किती तक्षीम, म्हणजे वाटा, हे त्यात नोंदलं जायचं. परगणे आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं, कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्यानं आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं संपली. संपताना जमिनी परत द्यायच्या म्हणून पुन्हा वारस मोजले गेले. त्यामुळे महार वतनाच्या फायलींत अशा घराण्यांच्या पिढ्या मिळतात, ज्यांच्याबद्दल कुठल्याही बखरीनं एक ओळ लिहिली नाही. गावाचा इतिहास म्हणजे गडाचा आणि देसायांचा इतिहास, असं समजणाऱ्यांनी या फायली उघडाव्यात.

पण या सगळ्या वंशावळींत एक खिंडार आहे. वतन मुलग्याकडं जायचं, म्हणून वंशावळ मुलग्यांची. मुली नाहीत. ज्या शाखेला मुलगा नाही तिथं 'नाऔलाद' असा शेरा मारून रेघ संपते. तीन मुली असल्या तरी नाऔलादच! हा कागद खोटा नाही, त्याला विचारलेला प्रश्न तेवढाच होता. बायकांची नावं बघायची तर ६-क कडे या, आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतरच्या नोंदी बघा. विधवा, मुली, लग्न झालेल्या बहिणी तिथं दिसायला लागतात. त्यांच्या पुढे हक्कसोडपत्राचा फेरफारही पुष्कळदा दिसतो. चंदगडच्या मुली गडहिंग्लज, आजरा, बेळगाव, सावंतवाडी, पार गोव्यापर्यंत दिलेल्या. म्हणजे आजीचं माहेर शोधताना दप्तर पुन्हा बदललं. गडहिंग्लजची आजी असेल तर आता मात्र कोल्हापूरचं अभिलेखागार खरोखर कामाचं!

कागदाबाहेर काही आहे का? आहे. हेळवी. कोल्हापूर-सांगली आणि उत्तर कर्नाटकच्या पट्ट्यात फिरणारा हा वंशावळ सांगणारा समाज. सुगी झाली की येतात, घरासमोर उभं राहून मूळ पुरुषापासून पिढ्या म्हणतात, नव्या जन्मलेल्यांची नावं चोपडीत घालतात आणि धान्य घेऊन जातात. तुमच्या घराचे हेळवी कोण हे म्हाताऱ्या माणसांना विचारा, लवकर विचारा. तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांकडच्या चोपड्याही आहेत: पंढरपूर, नाशिक, त्र्यंबक. तिथं गेलेल्या यात्रेकरूनं स्वतः सांगितलेली नावं असतात. सरकारपुढं सांगितलेल्या आणि उपाध्यायापुढं सांगितलेल्या पिढ्या जिथं जुळत नाहीत, तिथं खरा शोध सुरू होतो.

आणि परंपरा. पारगडचं उदाहरण द्यायलाच हवं. गडावर तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा यांना शिवाजी महाराजांनी किल्लेदार नेमलं आणि त्यांचे वंशज आजही तिथं राहतात, ही परंपरा सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. तिचा मान ठेवा, लिहून घ्या, पण वेगळ्या वहीत. 'असं घराण्यात सांगतात' हे एका रकान्यात आणि 'असं कागदात आहे' हे दुसऱ्या रकान्यात. कोवाडचे रणजित देसाई याच तालुक्यातले, त्यांच्या कादंबऱ्यांवर आपण सगळे वाढलो. पण कादंबरीतला संवाद वंशावळीच्या अर्जाला जोडता येत नाही, आणि तसे अर्ज येतात!

घरातल्या कागदांबद्दल विचारलं होतं. चंदगडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पेटारा भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवू नका. पाऊस उघडल्यावर कागद सावलीत वारवा, उन्हात नको. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही, ते परत काढता येत नाही आणि आत कागद जळत जातो. घड्यांवर फाटत असेल तर उलगडून सपाट ठेवा, सुती कापडात बांधा. फोटो काढताना दोन्ही बाजू घ्या, मागचा कोरा भागसुद्धा, कारण शेरे तिथंच असतात.

शेवटी अर्जाचं. 'आमच्या घराण्याची सर्व माहिती मिळावी' असा अर्ज कुठल्याही कचेरीत केला तरी काही हाती येणार नाही, शोधणारा कारकून तरी कुठून सुरुवात करणार! गाव, जुना सर्व्हे नंबर, सालांचा पल्ला आणि कागदाचा प्रकार, एवढं लिहा. बेळगावला लिहिताना आजचा पत्ता न देता त्या काळचा द्या: मौजे अमुक, महाल किंवा तालुका चंदगड, जिल्हा बेळगाव, इलाखा मुंबई. तिथली यादी त्याच नावानं लागलेली आहे.